चालत्या मशिनवर रामराम बंद

देवरावजींचा उजवा हात रंधा मशिनच्या फटीत होता. लाइन गेली होती, म्हणून मशीन बंद होती. मी शेडच्या दारात उभा राहून त्यांच्या मागच्या भिंतीवरचा मोटारीचा स्टार्टर बघत होतो.

त्या स्टार्टरमध्ये मी काय पाहिलं ते कळायला थोडं मागे जावं लागेल. फार नाही, मशीन निवडण्यापर्यंतच.

मी मशिनी बसवणारा माणूस. इरेक्शन फिटर म्हणतात आम्हाला. लाकूडकामाच्या मशिनी विकणाऱ्या नागपूरच्या एका दुकानात नोकरीला होतो आणि भंडारा जिल्हा माझ्याकडे होता. मशीन पोचली की मागोमाग मी पोचायचो. पाया भरायचा, मशीन लेव्हलला आणायची, मोटार जोडायची, मालकाला चालवायला शिकवायचं आणि सही घेऊन परत यायचं. पुढे काय होतं ते आमच्या कामात येत नाही.

आणि मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. नोकरीच्या सुरुवातीलाच एका सॉ मिलमध्ये माझ्या डोळ्यांदेखत एका माणसाची बोटं गेली. रक्ताचं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो मशिनचा आवाज. तो बदललाच नाही. गाठीचं लाकूड आलं तर मशीन कण्हते, ओलं आलं तर घरघरते. बोटं आली तेव्हा काहीच नाही. तेव्हापासून कुठलीही मशीन सुरू करायची मला भीती वाटते. बरोबरचे फिटर हसायचे, 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' म्हणायचे. म्हणेनात का. त्यांच्यातल्या काहींना आता पूर्ण पंजानं हात मिळवता येत नाही.

ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं. एक दिवस शेठनी बोलावलं.

"लाखांदूरकडं एक सुतार आहे. घरीच शेड टाकली म्हणते, मशिनी पायजेत. जाऊन पाहून ये अन् कंबाइन मशीन गळ्यात घालून ये."

कंबाइन मशीन म्हणजे एकाच सांगाड्यावर रंधा, गोल आरी आणि भोक पाडायची सोय, सगळं एकाच मोटारीवर. जागा कमी लागते, पैसे कमी लागतात, दिसायलाही झकास. पण एक सुरू केलं की सगळं फिरतं. माणूस पुढे रंधा मारत असतो आणि त्याच्या मांडीपाशी आरी फिरत असते, जिच्याशी त्या वेळी त्याचं काही काम नसतं.

"कंबाइन नको शेठ," मी म्हणालो. "एकटा माणूस, घरातलं काम. घरची माणसं येजा करणार. वेगवेगळ्या मशिनी देऊ."

"तुले भेव लागते म्हणून गिऱ्हाइकानं महाग माल घ्यायचा काय?"

"हो."

शेठ हसले. "जा मग. पण ऑर्डर घेतल्याबिगर येऊ नोको."

लाखांदूरला एसटीतून उतरून त्या गावापर्यंत चालत जावं लागे. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि मधून बंडीचा, बैलगाडीचा रस्ता. देवरावजी घराच्या छपरीत बसून हातरंध्यानं फळी साफ करत होते. पन्नाशीचे असतील. अंगात कोपरी, डोक्याला दुपट्टा, खांदे पुढे आलेले.

"देवरावजी सुतार आपणच का?" मी उभ्या उभ्या विचारलं.

 त्यांनी रंधा आडवा करून ठेवला. मांडीवरच्या ढलप्या झटकल्या. दोन्ही हात धोतराला पुसले, छातीपाशी जोडले आणि म्हणाले, "रामराम."

मी मान हलवली होती, पण ते तसेच हात जोडून थांबले. शेवटी मला पिशवी खाली ठेवून नीट रामराम घालावा लागला. मग म्हणाले, "हो, मीच देवराव. बसा."

हे त्यांचं सगळ्यांशीच होतं. खिळा अर्धा ठोकलेला असला तरी आलेल्या माणसासाठी हातोडी खाली जायची. एका हातानं रामराम म्हणजे समोरच्याचा अपमान, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. मला घाई असायची, त्यामुळे सुरुवातीला ह्या प्रकाराचा जरा वैतागच आला.

त्यांचं घराणं बंड्या करणारं. शंकरपटाला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीला, लागणारे हलके छकडेही ते करत. पण आता टायरच्या बंड्या निघाल्या होत्या आणि लाकडी चाक कोणी मागत नव्हतं. त्यांनी दारं-खिडक्या आणि शाळेच्या बेंचांची कामं धरली होती. त्या कामात दिवसभर रंधाच रंधा.

"खांदा उचलत नाही साहेब," ते म्हणाले. "रंधा मारू मारू कामातून गेला. मशीन आली तर ठीक. नाही तर दुकान बंद करून भावाच्या मांगं बांधीत जा लागते."

भाऊ म्हणजे सदाशिव. शेती तो बघायचा. दोघांचं घर एकच.

मी शेड मोजली. घरच्या शेडमध्ये मशीन घेताना लोक फक्त मशीन मावते का ते बघतात. मशीन मावतेच. फळी मावत नाही. जेवढी लांब फळी, तेवढी जागा मशिनच्या पुढे आणि तेवढीच मागे लागते, नाहीतर माणूस फळी तिरकी धरून काम करतो आणि तिथेच घात होतो. म्हणून रंधा मशीन शेडच्या लांबीला मधोमध ठेवायची, गोल आरी कोपऱ्याला आणि दोघींना स्वतंत्र मोटार, असं मी ठरवलं. बँडसॉ, म्हणजे पट्ट्याची आरी, नंतर बघू म्हटलं. देवरावजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "याच्यातली जास्त खतरनाक कोनती?"

"रंधा," मी म्हणालो. "आरीचे दात दिसतात, म्हणून माणूस जपतो. रंध्याची पाती दिसत नाही."

दोन लोखंडी टेबलं, त्यांच्यामध्ये बोटभर फट आणि त्या फटीत पाती लावलेला दांडा फिरतो. फळी वरून सरकवायची, की खालून तिची कातडी निघते. दांडा फिरत असताना ती फट नुसती राखाडी दिसते. तिथे काही आहे असं वाटतच नाही.

निघताना देवरावजींच्या पत्नीनं चहा आणला. कप ठेवून वहिनी दारातच उभ्या राहिल्या.

"भाऊ, एक विचारू? याइचे हात सलामत राह्यतीन ना?"

"काळजी घेतली तर काही होत नाही वहिनी."

"तसं नोका सांगू. हो म्हणा, नाही तर नाही म्हणा."

देवरावजी मान खाली घालून बशीतला चहा पीत होते. मशीन विकायला आलेला माणूस 'नाही' म्हणत नसतो. मी 'हो' म्हणालो. परतीच्या एसटीत तो 'हो' माझ्या डोक्यावर बसला होता. असली हमी कोणी देत नाही, आमचे शेठसुद्धा देत नव्हते. कुठल्या तोंडानं दिली मी?

मशिनी ट्रकनं लाखांदूरपर्यंत आल्या. पुढे बंडी. देवरावजींनी स्वतः केलेल्या बंडीवर बिडाची ती जड मशीन चढवली, तेव्हा आख करकरला. बैल सदाशिव हाकत होता.

"दादा, मोडन न बंडी!"

"माही बंडी नाही मोडत. तू बैल पाह्य."

बंडी मोडली नाही. लाकडाच्या आडव्या बल्ल्यांवरून सरकवत आम्ही मशीन शेडमध्ये नेली, पायाच्या बोल्टांवर बसवली, चारी कोपऱ्यांत पातळ पत्रे घालून लेव्हलला आणली. पाया पक्का झाल्यावर मी परत आलो, तेव्हा वहिनींनी मशिनच्या चारी बाजूंना शेणानं छान सारवून ठेवलं होतं.

"वहिनी, इथे नको. ओलं असलं की पाय घसरतो. आणि इथे पाय घसरला तर हात कुठे जाईल ते बघा."

त्यांनी फटीकडे पाहिलं. खुरपं आणलं आणि सगळं सारवण तिथल्या तिथे खरवडून काढलं. मोटारीच्या दांड्याला बांधायला आणलेलं लिंबू-मिरचीही मी दाराला लावायला सांगितलं. फिरत्या दांड्याला दोरासुद्धा बांधायचा नसतो. मशिनच्या अंगाला कुंकू मात्र लावू दिलं. त्यानं कोणाला इजा होत नाही.

मग मी स्टार्टर समजावला. ह्या गोष्टीत तोच महत्त्वाचा आहे, म्हणून तुम्हालाही समजावतो. स्टार्टर म्हणजे मोटारीचं मोठं बटण. हिरवं दाबलं की मोटार सुरू, लाल दाबलं की बंद. आत एक कॉइल असते. हिरवं बटण एकदा दाबलं की ती ते धरून ठेवते. लाइन गेली की कॉइलची पकड सुटते आणि बटण आपोआप वर येतं. त्यामुळे लाइन परत आली तरी मोटार आपणहून सुरू होत नाही. कोणीतरी येऊन बटण दाबावंच लागतं. मशिनवर काम करणाऱ्याचा जीव त्या कॉइलच्या भरवशावर असतो. मी स्टार्टर मुद्दाम मशिनलाच, उजव्या गुडघ्यापाशी लावला होता, म्हणजे गुडघ्यानंही लाल बटण दाबता यावं.

देवरावजी हसायला लागले.

"हसता काय?"

"आमच्या इथं पंपाच्या स्टार्टरात पाचर मारतेत साहेब. लाइनचा काही भरोसा आहे काय? रातीबेराती येते. पाचर मारून ठेवली की पंप आपल्या मनानं चालू होते, मानसाले उठा लागत नाही. सबन गावाले पाचरा मीच करून देल्ल्या." आणि भिंतीवरच्या फळीवरून एक पाचर उचलून त्यांनी माझ्या हातात दिली. सागाची, गुळगुळीत, हिरव्या बटणाच्या खाचेत बरोबर बसेल अशी. एवढी सुबक जीवघेणी वस्तू मी पाहिली नव्हती.

"इथे पाचर चालणार नाही," मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा.

"इथं कायले साहेब? हा काय पंप आहे?"

पहिली फळी त्यांनी मी सांगितलं तशीच सरकवली. छपरावरचे कवेलू थरथरत होते आणि अंगणात अर्धं गाव जमलं होतं. फळी पलीकडे गेली. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला, मग स्वतःचा खांदा चाचपला.

"खांद्याले काहीच नाही झालं," ते वहिनींना म्हणाले. वहिनी रडायला लागल्या.

दुसरी फळी अर्धी गेली असेल, तेवढ्यात सदाशिव दारात आला. "रामराम फिटरसाहेब! रामराम दादा!"

देवरावजींनी चालत्या फळीवरचे दोन्ही हात उचलले आणि जोडले.

सुटी फळी मशीन मागे फेकते. ती माझ्या कमरेला घासून गेली आणि मागच्या खांबावर जाऊन आदळली. मी लाल बटण दाबलं. घाबरलो होतो, त्यामुळे जास्तच ओरडलो.

"देवरावजी, चालत्या मशिनवर रामराम बंद! यमराज दारात आला तरी हात जोडायचे नाहीत!"

"पन समोरचा मानूस काय म्हनन?"

"म्हणू दे काय म्हणायचं ते. आधी मशीन बंद करा, मग जोडा. आणि तुम्ही सगळे ऐका रे, मशीन चालू असली की ह्यांना कोणी हाक मारायची नाही."

"बंद," देवरावजी म्हणाले. "बिलकुल बंद." आणि तसं वचन देताना त्यांनी मला हात जोडले.

त्यानंतर उन्हाळा लागला. नव्या मशिनची एक फेरी आम्ही फुकट मारतो, पाती बघायची, पट्टा ताणायचा. मी त्यासाठी निघालो. गावाच्या तोंडाशी डीपी होती, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर. तिथे वायरमन खांबावरून उतरत होता. माझ्या ओळखीचा होता.

"लाइन नाही का?"

"सकाळपासून नाही. झालं आता, फ्यूज टाकतो अन् देतो सोडून. तुम्ही पोचेपर्यंत येते."

मला बरंच वाटलं. लाइन असली तर काम लवकर आटोपून शेवटची एसटी मिळाली असती.

देवरावजींची शेड शांत होती. दारात पोचलो आणि मी सुरुवातीला सांगितलं ते दृश्य दिसलं.

फळी अर्ध्यावर असताना लाइन गेली होती. पात्यांनी लाकूड चावलं होतं आणि त्याची एक चिपटी दांडा आणि टेबल यांच्या मध्ये अडकली होती. फळी काढून भिंतीला लावलेली. मी बसवलेलं फटीवरचं झाकण बाजूला ठेवलेलं. देवरावजी वाकून, डाव्या हातानं पटाशीनं चिपटी उचकत होते आणि उजव्या हाताची बोटं फटीत घालून ती ओढत होते. बंद मशीन साफ करायला माणूस असाच वाकतो. त्यात चूक काही नाही.

पण गुडघ्यापाशी मी लावलेला स्टार्टर तिथे नव्हता. त्याच्या जागी नुसते बोल्ट होते. तारा लांबवून मागच्या भिंतीपर्यंत नेल्या होत्या आणि तिथे एक जुना, गंजका, पंपाचा स्टार्टर टांगला होता. त्याच्या हिरव्या बटणात सागाची पाचर होती. आत ठोकलेली.

म्हणजे मशीन चालूच होती. फक्त लाइन यायची बाकी होती, आणि ती सोडायला निघालेल्या माणसाशी मी आत्ताच बोलून आलो होतो.

लोक मला नंतर विचारायचे, तेव्हा तुम्ही काय विचार केला? ओरडलो असतो तर ते दचकले असते, हात आत असताना माझ्याकडे वळले असते. धावलो असतो तर मध्ये फळ्यांची रास होती, स्टार्टर तिच्या पलीकडे. मेन स्विच घरातल्या छपरीत. हे सगळं खरं आहे, पण हे मला एसटीत बसल्यावर सुचलं. त्या वेळी मला काहीही सुचलं नाही. मला फक्त सॉ मिलमधला तो न बदलणारा आवाज ऐकू येत होता आणि वहिनींना दिलेला 'हो'. ओरडायला तोंड उघडलं. त्यातून निघाला तो त्या दारात दर वेळी निघायचा तोच शब्द.

"रामराम, देवरावजी."

त्यांनी वर पाहिलं. चेहरा उजळला. पटाशी फटीतच उभी सोडली. उजवा हात बाहेर काढला. दोन्ही हात धोतराला पुसले, एकदा, आणि परत एकदा, भुसा राहिला असावा म्हणून.  मग त्यांनी हात जोडून छातीपाशी नेले.

"रामराम साहेब."

आणि बल्ब लागला.

मशीन एकदम गरजली. फटीतली पटाशी उडाली, टेबलावर आपटली, तिथून भिंतीवर आणि खाली पडली. चिपटी वर कवेलूंना लागली, कवेलूचा तुकडा खाली आला. मग आवाज स्थिर झाला, सरळ, एकसारखा. देवरावजी तसेच उभे होते. हात जोडलेले, फटीपासून वीतभर अंतरावर.

"मागे या," मी म्हणालो. ते आले, पण हात त्यांनी सोडले नाहीत.

पाचर मलाच काढायची होती. मी फळ्यांवरून चढून गेलो. ती घट्ट बसली होती, देवरावजींच्या हातची ना! हलवून हलवून निघाली. पाती थांबायला वेळ लागतो. दांडा पूर्ण थांबला. मग देवरावजी मटकन खाली बसले आणि मीही त्यांच्या शेजारी बसलो.

आवाज ऐकून वहिनी आल्या. "आली वाटते लाइन. भाऊ, तुमी कवा आले?"

"आत्ताच आले ते," देवरावजी म्हणाले. "चहा ठेव."

वहिनींनी जमिनीवरची पटाशी पाहिली. मूठ चिरफाळली होती, धार उडाली होती. उघडी फट पाहिली. माझ्या हातातली पाचर पाहिली.  नवऱ्यासमोर बसून त्यांनी त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले, आणि उठून चहा ठेवायला गेल्या. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, ते बरं झालं.

सदाशिवला शेतातून बोलावलं. घडलं ते असं. उन्हाळी धान उभं होतं आणि त्याच्या पंपाच्या स्टार्टरची कॉइल जळाली. नवी मिळायला भंडाऱ्याला जावं लागणार, तोवर धान वाळणार. म्हणून त्यानं शेडमधला नवा स्टार्टर काढून पंपाला लावला आणि जळालेला इथे टांगला. कॉइल नाही, म्हणजे बटण धरून ठेवणारं कोणी नाही. मग पाचर. मशीन सुरू करायची तर पाचर ठोकायची, बंद करायची तर काढायची. देवरावजी रोज तसंच करत होते. पण लाइन गेली की मशीन आपली आपण बंद होते, आणि बंद झालेल्या मशिनची पाचर काढायची आठवण कोणाला राहते?

सदाशिव घाबरून गेला होता, आणि घाबरलेला माणूस भांडतो.

"धान वाळून राह्यलं होतं दादा! लाकडाचं काय, ते वाळलं तर चांगलंच. अन् पाचर काय मी केली? पाचर तर तुम्हीच करून देल्ली!"

देवरावजींनी माझ्या हातातून पाचर घेतली. तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. "फिट बसत होती," ते म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी ती चुलीत टाकली.

त्या संध्याकाळी ते शेताशेतांतून फिरले, दिलेल्या पाचरा परत मागत. बरोबर मीही गेलो. काहींनी दिल्या. बाकीचे हसले. "देवरावजी, पंपात कोन हात घालते बाप्पा? रातभर बोडीच्या पारीवर पंपापाशी कोन बसन, तुमी काय?"  ज्यांनी पाचरा दिल्या, त्यांनी दुसऱ्या दिवशी बाभळीच्या काड्या खुपसल्या असणार.

रात्र तिथेच काढून मी सकाळी निघालो. निघण्याआधी मोटारीचा पट्टा उतरवून पिशवीत घातला. पट्ट्याशिवाय पाती फिरत नाही, मग कितीही पाचरा ठोका. "माझ्यावर भरोसा नाही काय साहेब?" देवरावजींनी विचारलं. "नाही," मी म्हणालो. भंडाऱ्याहून नवीन कॉइल आणून सदाशिवच्या हातात दिली, नवा स्टार्टर पंपावरून काढून परत गुडघ्यापाशी लावला, आणि मगच पट्टा चढवला. तेव्हा वहिनींनी मला जेवायला वाढलं आणि एवढंच म्हणाल्या, "भाऊ, मले पुन्हा हो म्हणून सांगू नोका."

मी पुन्हा कोणालाच तसं सांगितलं नाही.

शेठ ही गोष्ट गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचे. "आमच्या फिटरचं डोकं पाहा! ओरडला नाही, धावला नाही, रामराम घातला!" लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे. मी चहा पीत राहायचो. डोकं त्या वेळी जागेवर नव्हतं हे सांगून शेठचा धंदा कशाला बिघडवा? आणि माझ्या रामरामानं काय होणार होतं? ज्या सवयीपायी मी त्या माणसाला भर गावासमोर झापलं होतं, ती त्यानं सोडली नव्हती, एवढंच.

देवरावजींनी पुढे बरीच वर्षं ती मशीन चालवली. कधी त्या बाजूला गेलो की मी दाराबाहेर थांबायचो. मशीन चालू असली तर बंद होईपर्यंत. मग पिशवी खाली ठेवून रामराम. दोन्ही हात जोडून ते रामराम करायचे, आणि मी सगळी बोटं बघून घ्यायचो.

आता मी निवृत्त आहे, पण कुठे कोणी मशीन घेतली की शिकवायला बोलावतात. नियम मी अजून तोच सांगतो: चालत्या मशिनवर रामराम बंद. त्याला पुढे एवढं जोडलं आहे, की मशीन बंद असेल आणि कोणी तिच्यावर वाकलेलं दिसलं, तर दुसरं काही विचारायच्या आधी रामराम घाला, आणि त्याचे दोन्ही हात जोडलेले दिसेपर्यंत दारातून हलू नका.